ब्रेक लावून काढलेली गाडी

...हसा, हसा! सगळे हसले, तुम्हीच का मागं राहता? पण तुम्हाला सांगतो, ब्रेक लावून काढली मी गाडी, ब्रेक लावून! घरी सांगितलं तर आमची ही म्हणते, "ब्रेक लावून गाडी निघते, मग थांबवायला काय ॲक्सिलरेटर दाबता?" आता हिला काय सांगणार? पंचवीस वर्षांच्या संसारात हिला मी साधा कुकरचा व्हॉल्व्ह समजावू शकलो नाही, डिफरन्शियल कुठून समजावू! पण तुम्ही शहाणी माणसं दिसता, बसलाही आहात निवांत, म्हणून तुम्हाला सांगतो.

मी ग्रंथालयाची फिरती गाडी चालवतो. एकोणीस वर्षं! मागं अडीच हजार पुस्तकं, म्हणजे टनभर वजन, आणि पुढं मी आणि ग्रंथपाल बाई. आज या वस्तीत, उद्या त्या. गाडी जुनी आहे, लोक तिला म्हातारी म्हणतात, पण प्रेमानं म्हणतात हो! इंजिन पुढं, जोर मागच्या चाकांना, हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे. तर एका सोमवारी सकाळी हे साहेब आले. मुख्य कार्यालयातून. हातात फाइल, खिशाला दोन पेनं, आणि बोलणं असं की समोर माणूस नाही, अर्ज उभा आहे. "चालक, सदर वाहनाची उपयुक्तता तपासायची आहे." सदर वाहन! म्हातारीला आजवर लोकांनी बरंच काय काय म्हटलं असेल, पण सदर? बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "आज पाहणी, आठवड्यात अहवाल. 'उपयुक्त नाही' असं लिहून गेलं की गाडी भंगारात, मी तळघरातल्या नोंदवह्यांत, आणि तुम्ही..." मी म्हटलं, "मी काय?" तर म्हणाल्या, "तुम्ही साहेबांची गाडी पुसायला." घ्या! एकोणीस वर्षं टनभर ज्ञान वाहिलं आणि शेवटी हातात फडकं!

बरं, साहेबांचं मत आधीच ठरलेलं. "लोक आता वाचत नाहीत हो. सगळे मोबाइलवर असतात." हे म्हणताना स्वतः मोबाइलवर! मी गप्प. कारण माझा स्वभाव गप्प बसायचा आहे... हसू नका.

मग साहेब चढले गाडीत. आणि ओरडलेच! "हे काय? शब्दकोशाशेजारी स्वयंपाक? इतिहासाच्या मांडीला मांडी लावून रहस्यकथा? क्रमांक कुठाय? क्रमांक!" आता कसं सांगू त्यांना... तुम्हाला सांगतो, उभ्या इमारतीतली पुस्तकं क्रमांकानं लावतात. पळत्या गाडीतली पुस्तकं वजनानं लावायची असतात! मी आणि बाईंनी दोन वर्षं घालवलीत त्या मांडणीत. शब्दकोश उजवीकडे, तर कायद्याचे ठोकळे डावीकडे. जाडे इतिहास इकडे, तर जाड्या कादंबऱ्या तिकडे. सगळं जड मागच्या ॲक्सलवर, दोन्ही अंगांना सारखं. कवितासंग्रह कुठंही ठेवा, त्यांचं काही वजन नसतं... म्हणजे मी वाईट अर्थानं नाही म्हणत! वळणावर म्हातारी अशी वळायची की बाईंच्या मांडीवरचा चहा हलायचा नाही.

मी म्हटलं, "साहेब, वजनाचा विचार करून..."

"चालक," साहेब म्हणाले, "ग्रंथालयशास्त्रात वजन नसतं."

नसतं! टनभर ओझ्यावर उभं राहून हा माणूस म्हणतो वजन नसतं! पण साहेब ते. दोन तास खपून बाईंनी आणि मी सगळं क्रमांकानं लावलं. काय झालं? क्रमांकानं जे जे जड, ते सगळं आलं डावीकडे. कोश डावीकडे, कायदा डावीकडे, इतिहास, वैद्यक, सगळे गठ्ठे डावीकडे. आणि उजवीकडे? कविता, बालवाङ्मय आणि आरोग्याच्या घडीपत्रिका. म्हातारी अशी एका अंगाला कलली की वाटावं कुणाच्या तरी कानात काहीतरी सांगतेय. मीच सांगत होतो खरं तर, पण ऐकतो कोण?

निघालो. कारखान्यामागची कामगारांची वस्ती, आमचा हक्काचा थांबा. दोन इमारती, मध्ये अंगण. अर्ध्या अंगणात काँक्रीट, अर्ध्यात माती, आणि मातीच्या कडेला एक नळ. तो नळ मी नोकरीला लागलो तेव्हापासून गळतोय. खाली हिरवं शेवाळ, त्याखाली चिखल, असा की त्यात चप्पल गेली तर चपलेचा विचार सोडायचा. मी कायम गाडी काँक्रीटवर लावतो. पण साहेब म्हणाले, "सावलीत घ्या." सावली कुठं? नळावर! मी म्हटलं, "साहेब, तिथं..." "चालक, सावलीत!" घेतली. डावी चाकं काँक्रीटवर, उजवी शेवाळात. टेबल मांडलं, खुर्ची मांडली, साहेब बसले वाचकांची वाट बघत.

कुत्रंसुद्धा आलं नाही! येईल कसं? आमची गाडी तिथं मंगळवारी चार वाजता जाते, आणि साहेबांना सवड सोमवारी दहाला! बाई म्हणाल्या, "साहेब, लोकांना माहीतच नाही आपण आलोय." साहेब म्हणाले, "ज्याला वाचायचंय तो वास काढत येतो." तासभर बसले आणि फाइलीत सुरेख अक्षरात लिहिलं, 'वाचक : शून्य'. मी वाकून वाचलं. शून्य इतकं गोल काढलं होतं की काय सांगू, वेळच तेवढा होता त्यांना! आणि बाईंकडे बघितलं तर बाई चष्मा पुसतायत. चष्मा स्वच्छच होता. मला आत कुठंतरी तुटलं हो. दर मंगळवारी बाईंच्या आधी येऊन थांबणारी माणसं आहेत तिथं, आणि कागदावर काय, तर शून्य.

"चला," साहेब म्हणाले. "पाहिलं मी काय पाहायचं ते."

मी सुरू केली गाडी. पहिला गिअर, क्लच सोडला, आणि उजवं मागचं चाक जे सुटलं... घर्रर्रर्र! गाडी जागची हलेना, चाक मात्र पिसाळल्यासारखं गरगर गरगर. आणि त्या चाकानं हिरवा चिखल उचलला आणि फेकला कुठं? मागं दोरीवर चार पांढऱ्या चादरी वाळत होत्या. त्या चादरी शिवणकाकूंच्या. या काकू वस्तीत कपडे शिवतात, आणि एकदा बोलायला लागल्या की मशीन बरं वाटतं. दार उघडलं, काकू बाहेर. "कुणाच्या हाताला लकवा भरलाय? कोण तो मेला... अगंबाई! गाडी? आज? आज सोमवार ना?" आणि मग अशी आरोळी ठोकली की दोन्ही इमारतींच्या खिडक्या उघडल्या, "अहो, पुस्तकांची गाडी रुतलीऽऽऽ!"

आली माणसं. रात्रपाळी करून झोपलेली उठून आली, डोळे चोळत. आणि प्रत्येकाकडे सल्ला! गाडी रुतल्यावर सल्ल्याला काय तोटा? वेल्डर म्हणतो, "रेस द्या, रेस!" म्हातारे कंपाउंडर म्हणतात, "आधी मागं, मग पुढं, मग मागं, हळूहळू उतार पडतो." हे दुखणं आहे की गाडी? भट्टीवाला... हा पाव भाजतो, अंगानं असा की दारातून आत यायला त्याला तिरकं व्हावं लागतं... तो म्हणाला, "बाजूला व्हा सगळे," आणि एकट्यानं धक्का मारला. तो स्वतः चिखलात वीतभर खाली गेला, गाडी तिथंच. मी रेस दिली, चाक आणखी खोल. घर्रर्रर्र!

एवढ्यात साहेबांना शोध लागला. काँक्रीटवरच्या डाव्या चाकाकडे बोट दाखवून म्हणतात, "हे चाक का फिरत नाही?" आणि लिहायलाच लागले, 'डावे चाक नादुरुस्त'.

तिथं माझं डोकं फिरलं! उतरलो खाली. म्हटलं, साहेब, त्या चाकाला काही झालेलं नाही! त्याचा दोष नाही! सरळ रस्त्यावर दोन्ही चाकं सारखी फिरतात. पण वळणावर बाहेरच्या चाकाला लांबचा पल्ला पडतो, आतल्याला जवळचा. दोघांना एकाच दांड्यावर घट्ट बांधलं तर एक फरपटतं, टायरची सालटी निघतात. म्हणून मध्ये डिफरन्शियल असतं. ते म्हणतं, बाबांनो, तू जास्त फिर, तू कमी फिर, आपापलं सांभाळून घ्या, जोर मात्र मी दोघांना सारखाच देणार. दोघांना सारखा! इथंच सगळी गोची आहे.

"सारखा देतं तर मग एकच का फिरतंय?" वेल्डर म्हणाला. रास्त प्रश्न!

म्हटलं, ऐका. समजा एक आई आहे. फार न्यायी आई. दोन मुलं, दोघांना तोलून सारखं वाढते. पण तिचा न्याय असा, की धाकटा जेवढं खाईल तेवढंच थोरल्याला. धाकटा लाडोबा, त्यानं एक घास खाल्ला आणि ताट सरकवून अंगणात हुंदडायला पळाला. संपलं! थोरल्यालाही एकच घास!

"असली कसली मेली आई?" शिवणकाकू म्हणाल्या.

"तेच तर म्हणतोय काकू! हे डावं चाक म्हणजे थोरला. काँक्रीटवर पाय रोवून उभा आहे बिचारा, शंभर घास द्या, गाडी ओढून दाखवतो. पण धाकट्याला चिखलात काही खायलाच नको, त्याला नुसतं गरगरायचंय. मग याचंही पोट रिकामं. आणि साहेब लिहितायत थोरला नादुरुस्त!"

कंपाउंडर खाकरले आणि म्हणाले, "मी आमच्या घरातला थोरला." वेल्डर म्हणाला, "मीपण." भट्टीवाल्यानं तर त्या डाव्या चाकावर हातच ठेवला. तुम्हाला सांगतो, त्या क्षणाला अख्खी वस्ती डाव्या चाकाच्या बाजूची झाली!

"मग उपाय?" साहेब.

"दोन," मी म्हटलं. "एक, धाकट्याला खाली दाबा. त्याच्यावर वजन नाही म्हणून तो घसरतोय, आणि वजन का नाही, ते मी सकाळी सांगत होतो, असो! दुसरा उपाय, त्याला ब्रेक लावा."

झालं! जे हसले, जे हसले! "ब्रेक? गाडी काढायला ब्रेक?" साहेबसुद्धा हसले, आणि त्यांना हसता येतं हे त्यांच्या फाइलीलाही माहीत नसेल. हसा म्हटलं. आधी वजन हलवू, मग बघू.

आता गाडीत वाट एवढीशी, दोन माणसं मावत नाहीत. पण दारं दोन, एक बाजूला, एक मागं. मी रांग लावली. बाई आत डाव्या कप्प्यासमोर. त्या जाड पुस्तक काढून बाजूच्या दारातून देणार, ते हातोहात गाडीला वळसा घालून मागच्या दारातून आत, आणि थेट उजव्या चाकावर. तीस-चाळीस माणसं. साहेबांनाही उभं केलं रांगेत, रिकामे हात कशाला ठेवायचे? पहिलं पुस्तक निघालं, शब्दकोश, चांगला तीन किलो. काकूंकडून कंपाउंडरकडे, कंपाउंडरांकडून वेल्डरकडे... आणि वेल्डरपाशी थांबलं.

"पुढं द्या!" मी ओरडलो.

"एक मिनिट," वेल्डर म्हणाला. "शाळेत मास्तरांनी मला वर्गात एक शब्द म्हटला होता. तीस वर्षं झाली, त्याचा अर्थ बघायचा राहिलाय." आणि बोट फिरवत शोधायला लागला! सापडला. काय शब्द होता ते त्यानं कुणाला सांगितलं नाही, पण चेहरा पडला, मग कोश मिटला, परत उघडला, म्हणाला, "एकच शब्द बरा निघतो का बघतो."

तोवर मागं कायद्याचं पुस्तक अडलं. काकूंनी उघडलं होतं. "भाडेकरूचा पाण्याचा हक्क... अहो इथं लिहिलंय! नळ दुरुस्त करायचा कुणी ते लिहिलंय!" पाच बायका तिथं जमल्या. वैद्यकाचा खंड कंपाउंडरांकडे गेला, तो काय परत येतो? चष्मा वर, पुस्तक नाकाला. "हे चूक छापलंय. आमच्या वेळी असं नव्हतं." आणि पानापानावर एकट्याचं भांडण सुरू. भट्टीवाल्याला समुद्री प्रवासाचं एक जाडजूड सापडलं. आयुष्य भट्टीसमोर गेलेला माणूस, बर्फातल्या जहाजाच्या चित्राकडे असा बघत बसला की मला त्याला हाक मारवेना... पण मारली! कारण गाडी माझी रुतली होती! मी बेंबीच्या देठापासून ओरडलो, "अहो वजन सरकवा पुढं! ज्ञान नकोय मला, वजन पाहिजे, वजन!"

कोण ऐकतो? चाळीस माणसांची रांग आणि चाळीस ठिकाणी तुंबलेली! प्रत्येकाच्या हातात पुस्तक, आणि प्रत्येक पुस्तक उघडं. मी शेवटी साहेबांकडे धावलो. म्हटलं साहेब, तुम्ही तरी सांगा यांना, तुम्ही अधिकारी...

साहेबांच्या हातात मधमाश्यांवरचं पुस्तक. फाइल काखेत, मोबाइल खिशात वाजतोय, घेत नाहीत.

"साहेब, पुढं द्या."

"एक पान, चालक," साहेब म्हणाले, वर न बघता. "फक्त एक पान. राणीमाशीचं चाललंय."

आणि मग त्यांनीच मान वर केली. रांगेकडे बघितलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत. रात्रपाळीची माणसं, चिखलात उभी, वाचतायत. कुणी पुटपुटत, कुणी शेजारच्याला दाखवत. साहेब बराच वेळ बघत राहिले. मग काखेतली फाइल काढली, ते सुरेख गोल शून्य खोडलं, आणि पेन हातात धरून माणसं मोजायला लागले. बाई दारातून बघत होत्या. त्यांनी पुन्हा चष्मा पुसला, पण आता तो खरंच ओला होता. आणि मी? खरं सांगतो, मलाही भरून आलं. पण गाडी रुतलेली असताना ड्रायव्हरला रडायची सोय नसते.

शेवटी मीच हातातून ओढून ओढून पुस्तकं नेली. वीसेक जाडे खंड उजव्या चाकावर रचले, त्यावर भट्टीवाल्याला बसवलं, जहाजाच्या पुस्तकासकट. आणि बसलो जागेवर. आता ब्रेक!

इथं एक गुपित आहे. म्हातारीच्या हँडब्रेकची डावीकडची केबल दोन वर्षांपूर्वी तुटली. मी तीन अर्ज केले. उत्तर काय आलं? "हँडब्रेक लागतो ना? मग झालं." लागतो, पण फक्त उजव्या चाकाला! दोन वर्षं मी त्या केबलच्या नावानं बोटं मोडली, आणि आज? आज मला हवं होतं तेच! दोन्ही चाकांना लागला असता तर थोरल्याचाच हात धरून ठेवला असता. पण हा नेमका धाकट्याच्या मानगुटीवर! त्याला पाटावर बसवायचं, खा म्हणायचं, खाल्ल्याशिवाय उठायचं नाही. तो ब्रेकशी झुंजत दहा घास खाईल, आणि आई न्यायी आहे ना? मग थोरल्यालाही दहा!

पहिला गिअर. रेस बेताची. आणि हँडब्रेक हळूहळू वर... एक दाता, कट्. घर्रर्र कमी झालं. दुसरा दाता, कट्. इंजिन गुरगुरलं. तिसरा दाता... कट्. आणि डावं चाक हललं! अहो, मघापासून दगडासारखं उभं असलेलं चाक, त्यानं काँक्रीट धरलं, म्हातारी एकदा हुंकारली, थरथरली, आणि पिचकन उजवं चाक चिखलातून उपटून अशी वर आली, अशी वर आली... थेट काँक्रीटवर! ब्रेक लावून काढली गाडी, ब्रेक लावून! वस्ती नाचायला लागली. वेल्डरनं मला खिडकीतून बाहेर ओढलं, खांद्यावर घेतलं. आत भट्टीवाला खंडांसकट घरंगळला होता, त्याला पत्ताच नाही, म्हणतो, "जहाजपण निघालं बर्फातून!" काकूंनी चादरींचं नाव काढलं नाही. आणि पुस्तकं? परत कोण देतो! "आता हातात आलंय तर नेतोच." बाई बॉनेटवर शिक्के मारतायत, एकावर एक, त्रेचाळीस पुस्तकं गेली! शेवटी रांगेत साहेब उभे, मधमाश्या घेऊन. बाई म्हणाल्या, "कार्ड?" साहेबांकडे कार्डच नव्हतं! मग माझ्या कार्डावर नेलं त्यांनी.

परत जाताना पुढच्या सीटवर माझ्या शेजारी बसले. मग म्हणाले, "चालक, ते ब्रेकचं पुन्हा एकदा सांगा." अख्खा रस्ता सांगितलं! एकोणीस वर्षांत मला एवढं नीट कुणी ऐकलं नव्हतं. घरी गेलो ते असा, छाती पुढं काढून, आमच्या हिला म्हटलं, गाडी वाचली, बाई वाचल्या, मी वाचलो!

आणि आठवड्यानं आदेश आला. तुम्हाला वाचून दाखवतो, खिशातच आहे. 'सदर वाहन अत्यंत उपयुक्त असून सेवा चालू ठेवण्यात यावी.' बघा! शिक्का आहे, सही आहे. इथंच संपलं असतं तर किती बरं झालं असतं... पण खाली आणखी आहे. 'तसेच पुढील सोमवारपासून सदर वाहनाने दगडखाण, धरणाचे काम व नदीपलीकडील वस्ती येथेही जावे. सदर ठिकाणी रस्ता उपलब्ध नाही. तथापि सदर चालकास रस्त्याची आवश्यकता नसल्याचे प्रत्यक्ष पाहणीत आढळून आले आहे.'